पेडर रोडवर पाय का जड होतात?

जानेवारीचा तिसरा रविवार उलटला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. दिवाळीत ‘कोणते बूट घेऊ’ असं विचारणारे वाचक आता ‘असं का झालं’ म्हणून विचारतात. मुंबई मॅरेथॉनमधल्या हाफ (21.1 किलोमीटर) आणि फुलच्या (42.2 किलोमीटर) अनुभवांवरचे काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच धाटणीची पत्रं एकत्र केली आहेत.

हाफ धावलो. सी लिंकवर अगदी हलकं वाटत होतं, किलोमीटर 5:50 ने (5 मिनिटं 50 सेकंदांत) जात होता. हाजीअली सोडून पेडर रोडला लागलो आणि पाय उचलेनात. शेवटी 2 तास 31 मिनिटं लागली. सरावात 18 किलोमीटर 6:45 ने आरामात होत होते. चढाचा सराव कमी पडला का?
— वाचक, डोंबिवली

थोडा पडला असेल, पण तुमची शर्यत पेडर रोडवर बिघडली नाही. ती सी लिंकवरच बिघडली होती, चढाने ती फक्त उघडी पाडली. सरावात 6:45 हा तुमचा आरामाचा वेग होता, तर शर्यतीत 6:35 ते 6:40 हा प्रामाणिक वेग ठरतो. तुम्ही सुरुवातीचे आठ-नऊ किलोमीटर त्याहून पाऊण मिनिट जलद काढलेत. एवढ्या वेगात शरीर चरबी कमी आणि स्नायूंतली साठवलेली साखर जास्त जाळतं. ती लवकर आटली की पुढे साधा चढही डोंगर वाटतो.

सी लिंक फसवतो याला कारणं आहेत. अंधार असतो, त्यामुळे बाजूला काय मागे पडतंय ते दिसत नाही आणि वेगाचा अंदाज चुकतो. साडेपाच किलोमीटरहून लांब, सलग, मोकळा रस्ता. वारा अंगावर येतो आणि घाम जाणवत नाही. शिवाय आजूबाजूचे सगळे तीच चूक करत असतात, त्यामुळे ती चूक वाटतच नाही. ऊन नसलं तरी मुंबईची पहाटेची हवा दमट असते. घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला दर किलोमीटरमागे नाडी वाढत जाते.

पुढच्या वेळी आखणी अशी करून बघा. पहिले 3 किलोमीटर 6:50 ने. गर्दीतून वाट काढत डावी-उजवीकडे उड्या मारू नका, त्यात गेलेला दम परत मिळत नाही. तिथून 12 किलोमीटरपर्यंत 6:35. या टप्प्यात शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर धाप लागली तर घड्याळ काहीही म्हणो, वेग उतरवा. पुढचे 3 किलोमीटर चढ-उतार धरून सरासरी 7:00. चढावर पाऊल आखूड करा, पावलांचा ठेका तोच ठेवा, नजर पंधरा-वीस फुटांवर ठेवा आणि 7:30 दिसले तरी घाबरू नका. केम्प्स कॉर्नरवरून चौपाटीकडे उतरताना टाचा आपटत वेळ भरून काढायचा मोह होतो. तो आवरा, नाहीतर मरीन ड्राइव्हवर मांड्या उत्तर देतील. उरलेले 6.1 किलोमीटर 6:25 ने. बेरीज करून पाहा, 2 तास 20 मिनिटांच्या आत येते. तंदुरुस्ती तीच, फक्त वाटणी वेगळी.

चढाच्या सरावासाठी आठवड्यातून एकदा, कमी वर्दळीच्या चढावर 60 ते 90 सेकंद वर धावणं आणि चालत खाली येणं, असं 6 वेळा. तीन-चार आठवड्यांत ते 10 पर्यंत न्या. एवढं पुरतं.

माझ्या घड्याळात 21.43 किलोमीटर आले. 2 तास 15 मिनिटांसाठी 6:24 चा वेग धरला होता, घड्याळात तो पाळलाही, तरी 2:17 झाले. मार्ग चुकीचा मोजला होता का?
— वाचक, पुणे

नाही. मान्यताप्राप्त शर्यतीचा मार्ग सायकलच्या चाकाला मोजणी यंत्र लावून मोजतात, तोही वळणांच्या आतल्या कडेने, म्हणजे शक्य त्या सर्वांत जवळच्या वाटेने. शिवाय मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून हजारी एक या हिशेबाने जास्त अंतर धरतात. हाफला ते साधारण 21 मीटर होतं. तुम्ही मात्र गर्दीत बाहेरून वळलात, पाण्यासाठी एका कडेहून दुसऱ्या कडेला गेलात. त्यात उंच इमारती आणि पुलांखाली घड्याळाचा सिग्नल भरकटतो. तीनशे-साडेतीनशे मीटरची भर अशीच पडते.

म्हणून लक्ष्याचा वेग 21.1 ने भागून काढू नका, 21.4 ने काढा. 135 मिनिटांना ते 6:18 येतं. घड्याळाचा आपोआप पडणारा लॅप बंद करा आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांवर बटण दाबा. तुमच्या निकालात दोन वेळा दिसतील: एक शर्यतीचा बार झाल्यापासूनची, दुसरी तुम्ही सुरुवातीच्या रेषेवरची वेळ नोंदणारी चटई ओलांडल्यापासूनची. स्वतःच्या प्रगतीसाठी दुसरीच धरा. वेळ नोंदणारी चिप बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराच्या कागदाच्या, मागे चिकटवलेली असते. बिब दुमडू नका, त्यावर पाऊच किंवा जाकीट येऊ देऊ नका. मधल्या चटईवर वेळ नोंदला न जाण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

पहिलीच फुल, 5 तास 35 मिनिटं. डिहायड्रेशनच्या भीतीने जवळजवळ प्रत्येक स्टॉलवर पाणी घेतलं. तिसाव्या किलोमीटरनंतर पोट डब्ब, डोकं ठणकायला लागलं, बोटातली अंगठी घट्ट झाली. शेवटाला उलटी झाली. लोक म्हणाले पाणी कमी पडलं. वजन 54 किलो.
— वाचक (स्त्री), वसई

लोकांचं ऐकून तुम्ही आणखी पाणी प्यायला नाहीत, असं आम्ही धरून चालतो. अंगठी घट्ट होणं, पोट डब्ब होणं, डोकेदुखी आणि उलटी ही लक्षणं एकत्र आली तर पाणी कमी नाही, जास्त झाल्याचा संशय घ्यायचा. रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि पेशींना सूज येते. मेंदूला आली तर गोंधळल्यासारखं होणं, झटके येणं इथपर्यंत मजल जाते. हा प्रकार जलद धावणाऱ्यांना क्वचित होतो. कमी वजनाच्या, पाच तासांहून जास्त वेळ रस्त्यावर असणाऱ्या आणि प्रत्येक स्टॉलवर थांबणाऱ्यांना तो होतो.

हिशेब बघा. 200 मिलीची बाटली, 20 स्टॉल, म्हणजे 4 लिटर. तुमच्या वजनाला आणि वेगाला ताशी 600 मिली घाम धरला तर साडेपाच तासांत 3.3 लिटर जातात. म्हणजे 700 मिली वरकड पोटात राहिलं. शर्यत संपल्यावर वजन सुरुवातीपेक्षा जास्त भरलं तर शंकेला जागाच उरत नाही. अशा वेळी वैद्यकीय तंबूत जाऊन ‘पाणी खूप प्यायले आहे’ हे आधी सांगायचं, म्हणजे सोडियम तपासल्याशिवाय कोणी सलाईन लावणार नाही.

तुमचा घाम किती जातो हे घरी काढता येतं. लघवी करून, कपडे काढून वजन घ्या. शर्यतीच्या वेळेच्या आसपास, शर्यतीच्या वेगाने एक तास धावा, वाटेत किती प्यायलात ते मोजा. परत आल्यावर घाम पुसून, पुन्हा कपड्यांशिवाय वजन. आधी 54.2, नंतर 53.7 आणि वाटेत 150 मिली प्यायलात, तर घाम 650 मिली. हे डिसेंबरात दोन-तीन वेळा करा, कारण दमटपणा बदलला की आकडा बदलतो. शर्यतीत या आकड्याच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत प्या, तेही तहान लागेल तसं. वजनात दोन टक्क्यांची घट बहुतेकांना सोसते. बाटली संपवलीच पाहिजे असं काही नाही. दोन घोट घेऊन उरलेलं डोक्यावर आणि मानेवर ओता.

ओआरएसबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं आहे, त्यांना इथेच उत्तर. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं साधारण 20.5 ग्रॅमचं पाकीट 1 लिटर पाण्यासाठी असतं. ते 200 मिलीच्या बाटलीत ओतलं की पाचपट तीव्र होतं, आतड्यात उलट शरीरातलंच पाणी ओढलं जातं आणि पोट बिघडतं. 200 मिलीसाठी वेगळी, सुमारे 4.2 ग्रॅमची पाकिटं मिळतात, कमरेच्या पाऊचमध्ये दोन ठेवा. फळांच्या चवीची तयार खोकी ही ओआरएस नव्हेत. त्यात साखर बरीच आणि मीठ नावाला. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावातून ‘ओआरएस’ हा शब्दच काढायला लावला. आणि ओआरएस घेतलं म्हणून वरून कितीही पाणी चालतं असं नाही, पातळ व्हायचं ते होतंच.

32 व्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला. मीठ चाटलं, फरक नाही.
— वाचक, ठाणे

पडणारच नव्हता. गोळा येण्याचं मोठं कारण स्नायूचा थकवा हे आहे. जितकं अंतर आणि वेग त्याने सरावात पाहिला नाही, तितकं त्याच्याकडून मागितलं की तो आखडतो. मीठ कमी पडल्याने सगळ्या अंगात गोळे येतात, एकाच पोटरीत नाही. थांबा, टाच जमिनीला टेकवून पोटरी 20 ते 30 सेकंद ताणा, मिनिटभर चाला, मग आखूड पावलांनी निघा. तुमच्या पत्रात सरावातली सर्वांत लांब धाव 24 किलोमीटर लिहिली आहे, उत्तर तिथेच आहे. फुलसाठी 28 ते 32 किलोमीटरच्या निदान तीन धावा हव्यात आणि शेवटची शर्यतीच्या तीन आठवडे आधी. त्यानंतर अंतर कमी करत शेवटच्या आठवड्यात निम्म्याखाली आणा, पण एखाददुसरा जलद तुकडा ठेवा. पूर्ण विश्रांती घेतली की पाय मंदावतात.

पहाटे तीनला साबुदाण्याची खिचडी खाऊन निघालो. 9 व्या किलोमीटरला पोटात कळ आली. मग फुकट मिळालेलं एनर्जी जेल घेतलं आणि सरळ मोबाइल टॉयलेट गाठलं. काय खावं?
— वाचक, कल्याण

खिचडीत साबुदाणा चालला असता. दाण्याचं कूट आणि तूप नडलं. स्निग्ध पदार्थ जठरात रेंगाळतात. रात्रीचं जेवण साडेसातपर्यंत आटपा: मऊ भात, पातळ वरण, मीठ-लिंबू. उसळ, कोबी, सॅलड त्या दिवशी नको. पहाटे सुरुवातीच्या दोन तास आधी दोन केळी किंवा जॅम लावलेले ब्रेडचे तीन स्लाइस आणि सवय असेल तर चहा-कॉफी. कांदेपोहेही चालतील, पण दाणे आणि खोबरं वगळून, वाटीभर.

धावताना दीड तासाच्या पुढे जाणार असाल तर ताशी 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात. साधारण जेलमध्ये 20 ते 25 ग्रॅम असतात. चार साधे, बिया काढलेले खजूरही तेवढेच देतात. जेल नेहमी साध्या पाण्याबरोबर घ्या. गोड पेयाबरोबर घेतलं की पोटात साखरेचा पाक होतो आणि तुमचं झालं ते होतं. पहिलं जेल 45 व्या मिनिटाला, भूक लागायची वाट न पाहता, पुढे दर 35-40 मिनिटांनी. चिक्की आणि शेंगदाणा लाडू शर्यतीनंतर खा. रस्त्यावर प्रेमाने पुढे केलेली बिस्किटं आणि संत्र्याच्या गोळ्या मुंबईकरांचं कौतुकच आहे, पण सरावात न खाल्लेली गोष्ट हात जोडून नाकारा. जेलच्या बाबतीत तर लाँग रनच्या दिवशी तेच, त्याच चवीचं, त्याच मिनिटाला घेऊन बघितलेलं असावं.

नाशिकला 2:05 ची तयारी होती, मुंबईत 2:16. एवढा फरक?
— वाचक, नाशिक

जानेवारीत नाशिकची हवा कोरडी आणि गार, मुंबईची दमट. अंगाला दमटपणाची सवय व्हायला 10 ते 14 दिवस लागतात. डिसेंबरच्या शेवटापासून रोजच्या धावण्यातले चार-पाच दिवस सकाळी नऊ-दहाच्या सुमारास किंवा अंगात एक जादा कपडा घालून 45 ते 60 मिनिटं सावकाश धावा. ते जमणार नसेल तर मुंबईसाठी किलोमीटरमागे 10 ते 20 सेकंद आधीच सोडा.

पाळीच्या दुसऱ्या दिवशी शर्यत आली. ओटीपोट दुखत होतं म्हणून नेहमीची गोळी घेतली. चाललं का?
— वाचक (स्त्री), कोल्हापूर

पाळीत धावायला हरकत नाही. गोळीला आहे. पाळीच्या दुखण्यावरच्या बऱ्याच गोळ्यांत मेफेनामिक अ‍ॅसिड असतं आणि ते आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्याच कुळातलं. धावताना मूत्रपिंडाकडे रक्त आधीच कमी जातं. ही औषधं तिथल्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात. मूत्रपिंडावर ताण येतो आणि वर सांगितलेलं सोडियम पातळ होणंही वाढतं. त्या दिवशी सकाळी या कुळातलं काहीही घेऊ नका. पॅरासिटामॉल चालेल का ते तुमच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. मेन्स्ट्रुअल कप वापरायचा असेल तर शर्यतीआधी दोन महिने तरी वापरून सवय करा. पॅड वापरणार असाल तर मांडीच्या आतल्या बाजूला जाडसर व्हॅसलिन लावा. घासून कातडी सोलवटणं हा पाळीच्या दुखण्यापेक्षा मोठा त्रास ठरतो. डिस्पोझेबल पॅन्टी लाँग रनला आधी घालून पाहा.

नखं काळी पडली, छातीवर रक्त आलं, काख सोलली.
— बरेच वाचक

नखांचा दोष बुटांचा. पाय धावताना सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी घ्या आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. घोट्याजवळचं वरचं जादा भोक वापरून नाडीचा फास करा, म्हणजे उतारावर पाय पुढे सरकत नाही. पायमोजे सुती नकोत. छातीसाठी पाण्यात न सुटणारी पट्टी लावा, साधा मायक्रोपोर टेप घामाने अर्ध्या वाटेत गळून पडतो. टीशर्ट नवा नको: एक्स्पोत (शर्यतीआधी बिब वाटतात त्या प्रदर्शनात) मिळालेला तर नकोच.

माहीमला हाफच्या सुरुवातीला पोचण्यासाठी किती वाजता निघावं?
— वाचक, बदलापूर

सुरुवातीच्या सव्वा तास आधी माहीमला उभे असाल असं बघा, कारण टॉयलेटच्या रांगेतच अर्धा तास जातो. गेली काही वर्षं पश्चिम आणि मध्य रेल्वे त्या पहाटे जादा लोकल सोडतात. वेळापत्रक त्याच आठवड्यात जाहीर होतं, तेव्हा बघा. बिब शर्यतीच्या दिवशी मिळत नाही, आधीच्या दिवसांत एक्स्पोतून घ्यावं लागतं. बिबच्या मागच्या बाजूला रक्तगट आणि घरचा नंबर भरल्याशिवाय पिन लावू नका.

शर्यतीच्या चार दिवस आधी 101 ताप होता. दोन दिवसांत उतरला. धावलो, काही झालं नाही. पण घरचे अजून रागावतात.
— वाचक, नवी मुंबई

रागावू देत. तापाच्या विषाणूने हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असू शकते. ती बाहेरून दिसत नाही आणि जोराच्या श्रमात हृदयाचा ठोका बिघडू शकतो. मानेखाली लक्षणं असतील, म्हणजे ताप, अंगदुखी, छातीत कफ, तर ती पूर्ण गेल्यावरही सात ते दहा दिवस शर्यत नाही. डेंग्यू झाला असेल तर डॉक्टर सांगतील तेवढे आठवडे. नोंदणीचे पैसे गेले तर जाऊ द्यावेत. चाळिशीपुढच्यांनी, मधुमेह, रक्तदाब किंवा घरात लहान वयात हृदयविकाराचा इतिहास असणाऱ्यांनी ऑक्टोबरातच डॉक्टरांना भेटून टीएमटीची (ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासण्याची) गरज आहे का ते विचारावं. साधा, झोपून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून धावताना सगळं ठीक राहील असा अर्थ होत नाही.

पायऱ्या उतरता येत नाहीत, आज तिसरा दिवस. सप्टेंबरात सातारा हिल हाफ करायची आहे. कधी सुरू करू?
— वाचक, सांगली

दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं आणि मग उतरतं. चालणं, हलकं सायकलिंग चालेल. जोराचं मालिश नको. हाफनंतर पाच-सहा दिवसांनी, फुलनंतर दोन आठवड्यांनी हलकं धावायला लागा. लघवी कोला पेयासारखी काळसर झाली तर मात्र वाट न बघता रुग्णालय गाठा.

साताऱ्याची गोष्ट वेगळी. शहरातून यवतेश्वर घाट चढून कासच्या दिशेने जायचं आणि त्याच रस्त्याने उतरायचं. बहुतेक जण चढाची तयारी करतात आणि मांड्या उताराला जातात, कारण उतरताना स्नायू लांबत असतानाच भार झेलतो. तुम्ही सांगलीचे, सपाटीवरचे. महिन्यातून दोन रविवार तरी एखादा घाट गाठा. मेपासून सुरुवात करा: आधी फक्त 3 किलोमीटर उतार, सावकाश, पुढे दर वेळी एक-दीड किलोमीटर वाढवत 8 पर्यंत. उतरताना अंग मागे टाकू नका, पाऊल शरीराच्या खाली पडू द्या, आखूड आणि भरभर. चढावर 30 पावलं चालून 60 पावलं धावणं ठरवून करा. दमल्यावर चालण्यापेक्षा त्यात वेळ कमी जातो. सप्टेंबरात घाटात धुकं आणि पाऊस असतो, रस्त्याच्या कडेला शेवाळ धरलेलं असतं, तेव्हा आतलं वळण वाचवायला कडेला जाऊ नका आणि तळ झिजलेले जुने बूट घरी ठेवा. चष्मा असेल तर टोपी पुढे झडप असलेलीच घ्या.